लांबच्या वाटेची दुचाकी आणि घरची माणसे

२८ ऑगस्ट २०२५ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहरातल्या वोलॅटन पार्क परिसरातून योगेश आळेकरी यांची दुचाकी चोरीस गेली. १ मे रोजी मुंबईहून निघून १७ देश आणि सुमारे २४,००० किलोमीटर मागे टाकून ते तेथवर पोहोचले होते. पुढे आफ्रिका गाठावयाची होती. केटीएम ३९० ॲडव्हेंचर या जातीची ती गाडी कुलूपबंद होती, पण चोरांनी कुलूप फोडले. गाडीबरोबर तिच्यावरील सामान गेले आणि त्या सामानात पासपोर्ट, रोख रक्कम, लॅपटॉप हे सारे होते. नंतर मॅन्सफील्ड येथील एका दुकानाने त्यांना त्याच जातीची दुसरी गाडी दिली, ही या हकिकतीची सुखद बाजू.

वर्तमानपत्रांतून या घटनेची चर्चा झाली ती चोरीची आणि माणुसकीची. आपण मात्र तिच्याकडे आणखी एका दृष्टीने पाहू. त्या पेट्यांत एखाद्या साठीच्या प्रवाशाची रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधे असती तर? गाडी कोणी उदारपणे देऊ शकतो. पण रोज सकाळी घ्यावयाची गोळी, तिचे नेमके नाव, तिची मात्रा, आणि ती का चालू आहे हे सांगणारा कागद, या गोष्टी परक्या देशात कोणीही देऊ शकत नाही.

हा विषय शहरी तरुणांचा आहे असे वाटण्याचा संभव आहे. तो तसा उरलेला नाही. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखऱ्यासारखे गाव घ्या. तेथे मोटारसायकल हे शेताचे, बाजाराचे आणि दवाखान्याचे वाहन आहे. आजारी माणसाला मध्ये बसवून मागे एकाने धरावयाचे आणि तालुक्याला न्यावयाचे, हे दृश्य कोणालाही अनोळखी नाही. उभा जन्म या रस्त्यांवर दुचाकी चालविलेले शिक्षक, ग्रामसेवक, पशुवैद्यक आता निवृत्त होत आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या मनात मुलाच्या गाडीवरून परदेशी जाण्याचा विचार आला तर त्यात नवल नाही. याच जिल्ह्यातील नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, आणि परंपरा त्यांना पंजाबातील घुमानपर्यंत नेते. तेव्हा लांबच्या वाटेचे या मातीला वावडे नाही. निघणारा मुलगा असेल तर मागे राहणारे आईवडील असतात, आणि त्यांचे वर्षभराचे औषधपाणी कोणी पाहावयाचे हाही तयारीचाच भाग असतो. गाडीच्या तयारीच्या गप्पांत तो सहसा येत नाही.

अशा प्रवासाची गाडी सजवताना प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारावा: ही गाडीवर राहील, अंगावर राहील, की घरी राहील? हत्यारे, सुटे भाग, तंबू आणि कपडे गाडीवर. पासपोर्ट, परवाना, थोडी रोकड, एक बँक कार्ड, किमान आठवडाभराची औषधे आणि औषधांची यादी अंगावर. जेवावयास उतरले, शौचास गेले, तरी अंगावरच. आणि या सगळ्याच्या प्रती घरी. उरलेल्या औषधांचेही दोन भाग करून ते गाडीवर दोन वेगळ्या जागी ठेवावेत. या एका प्रश्नाचे उत्तर नीट दिले की पुष्कळ खरेदी आपोआप टळते, आणि गाडीचे वजनही आटोक्यात राहते.

आधी माप गाडीचे नव्हे, माणसाचे

वजनाचा मुद्दा वयस्क चालकासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू. ॲडव्हेंचर जातीच्या गाड्या खराब रस्त्यासाठी उंच केलेल्या असतात. रॉयल एन्फील्डच्या हिमालयन ४५० ची बैठक ८२५ मिलिमीटर उंचीवर आहे आणि गाडीचे वजन १९६ किलो. हीरोची एक्सपल्स २०० वजनाने १६० किलोच्या आत आहे, पण बैठक तितकीच उंच. साडेपाच फुटांहून कमी उंचीच्या माणसाचे दोन्ही तळवे अशा गाडीवरून जमिनीला पुरते टेकत नाहीत. तिशीत ही उणीव चवड्यांवर निभावते. साठीनंतर गुडघ्याची झीज, खुब्याचा ताठरपणा आणि मंदावलेला तोल एकत्र आले की उभी गाडी एका बाजूला कलंडते. असे पडणे बहुधा थांबताना किंवा वळवतानाच होते. हाडे ठिसूळ झालेल्या माणसाचे मनगट अथवा खुबा मोडावयास तेवढे पुरते.

म्हणून गाडी घेण्यापूर्वी एकदा पूर्ण सामानासह तिच्यावर बसून पाहावे. रिकाम्या गाडीवर बसून केलेला निर्णय फसवा असतो. बैठक उतरविता येत असेल तर उतरवावी. पेट्या जितक्या खाली आणि जितक्या पुढे बांधता येतील तितक्या बांधाव्यात; जड हत्यारे तळाशी, कपडे वर. मागच्या बाजूला उंच रचलेले गाठोडे छायाचित्रात शोभते, वळणावर मात्र गाडीला खेचते. भार वाढला की मागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगचा ताण मिस्त्रीकडून वाढवून घ्यावा, नाहीतर गाडी मागे बसते, पुढचे चाक हलके होते आणि दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

पडलेली गाडी उचलण्याची एक रीत आहे. गाडीकडे पाठ करून खाली बसावयाचे, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागचा कॅरिअर धरावयाचा, पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या बळावर मागे मागे सरकत उभे राहावयाचे. ही रीत घरी, गवतावर, कोणी जवळ असताना शिकावी. मात्र हर्निया, हृदयविकार, नुकतीच झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा मणक्याचा जुना त्रास असलेल्याने ती करूच नये. त्याने एकट्याने प्रवासही करू नये. हे माझे स्पष्ट मत आहे आणि त्यात सवलत द्यावी असे मला वाटत नाही.

हँडलच्या बाबतीत तक्रार बहुतेक मुंग्यांची असते. तासन् तास इंजिनाची कंपने तळहातात मुरतात, मनगटातील मज्जातंतूवर दाब येतो आणि बोटे बधिर होतात. मधुमेहामुळे ज्यांच्या हातापायांची संवेदना आधीच मंदावली आहे त्यांना ही बधिरता उशिरा कळते, आणि क्लच किती दाबला याचा अंदाज चुकतो. हँडल थोडे वर व मागे घेणे, क्लच-ब्रेकच्या दांड्या मनगट सरळ राहील अशा कोनात फिरवून घेणे, मुठींवर जाड आवरण चढविणे, हे तासाभराचे काम आहे. बैठकीचा फोम मऊ नको, घट्ट आणि रुंद हवा. मऊ गादी पहिल्या तासाला सुखाची, चौथ्या तासाला मूळव्याधीची.

दर सव्वा-दीड तासाने उतरून पाच-दहा मिनिटे चालावे. पायांतील रक्त एकाच जागी साकळून गाठ होण्याचा धोका एकाच जागी बसून राहिल्याने वाढतो. प्रोस्टेटचा त्रास असलेले पुष्कळ ज्येष्ठ लघवीला थांबावे लागू नये म्हणून पाणीच कमी पितात. मराठवाड्याच्या उन्हात घट्ट जाकीट घालून हे करणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे होय. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या टॅमसुलोसिनसारख्या औषधांनी झटकन उभे राहिल्यावर घेरी येऊ शकते. गाडीवरून उतरताना क्षणभर बसून, मग पाय फिरवावा.

मागे बसणाऱ्या सहचारिणीचाही विचार व्हावा. आपल्याकडच्या गाड्यांना मागच्या चाकावर जाळी असते, तिला आपण साडीगार्ड म्हणतो. पेट्या बसविताना ती काढून टाकली जाते. ओढणी वा पदर चाकात गुंतण्याचा धोका तेव्हा परत येतो, म्हणून पेटी आणि चाक यांमधील फट पाहून घ्यावी. रमिला लटपटे यांनी २०२३ मध्ये मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून नऊवारी नेसून जगप्रवासास प्रारंभ केला होता. काष्टा मारलेले नऊवारी लुगडे सुट्या पदराच्या साडीपेक्षा दुचाकीवर अधिक सोयीचे, हे आपल्या आज्यांना सांगावे लागत नाही.

यंत्राच्या बाजूविषयी फार लिहीत नाही. ते आपल्या मिस्त्रीला अधिक कळते. चेन-स्प्रॉकेटचा संच, टायर आणि ब्रेक पॅड निघण्यापूर्वी नवे घालावेत. क्लच केबल, क्लच व ब्रेकच्या दांड्या, फ्यूज, प्लग, ट्यूब आणि पंक्चरचे सामान बरोबर असावे. चेनला दर ५०० ते १,००० किलोमीटरला तेल द्यावे. यांपैकी जे काम स्वतःला येत नाही ते निघण्यापूर्वी मिस्त्रीजवळ बसून एकदा स्वतःच्या हातांनी करावे. वाकून मागचे चाक काढणे कंबरेला झेपत नसेल तर ते घरीच कळलेले बरे. मग सगळे सामान लादून दोन-तीन दिवसांची फेरी काढावी: साखऱ्याहून सेनगाव, हिंगोली, औंढा नागनाथ, वसमत, नांदेड आणि परत. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना शरीर जे सांगते ते कोणत्याही जाणकाराच्या सल्ल्याहून खरे.

एक गोष्ट मात्र मिस्त्रीलाही आठवण करून द्यावी लागते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, युरोपच्या मुख्य भूमीवर उजवीकडून. आपल्या दिव्याचा झोत तिकडे समोरून येणाऱ्याला दिपवतो, त्यामुळे तो बदलून घ्यावा लागतो. ज्यांना मोतीबिंदू आहे वा काचबिंदू आहे त्यांना समोरचा प्रकाश फुटलेला, पसरलेला दिसतो. त्यांनी सूर्यास्तानंतर गाडी चालवू नये आणि दिवसाचे अंतर तसेच आखावे.

औषधांची पेटी

इन्शुलिन घेणाऱ्यांची अडचण सर्वांत मोठी. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. वापरात असलेली बहुतेक इन्शुलिने ३० अंशांच्या खाली सुमारे चार आठवडे टिकतात. टाकीवरील पिशवी इंजिनाच्या आणि उन्हाच्या तापात असते, तेथे इन्शुलिन कधीही ठेवू नये. उलट उंच घाटांत ते गोठले तर निकामी होते, आणि वितळल्यावर दिसावयास चांगले दिसले तरी वापरावयाचे नसते. पाण्यात भिजवून वापरावयाच्या, बाष्पीभवनाने गार राहणाऱ्या पिशव्या मिळतात. तत्त्व आपल्या माठाचेच. थंडीत मात्र कुपी जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेजवळ राहिली पाहिजे.

रक्तातील साखर एकाएकी उतरणे हा दुचाकीवरील खरा धोका होय. ब्रिटनमध्ये इन्शुलिन घेणाऱ्या चालकांसाठी नियम आहे: निघण्यापूर्वी दोन तासांच्या आत साखर तपासावी, पुढे दर दोन तासांनी तपासावी, आणि ती ९० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर खाल्ल्याशिवाय निघू नये. साखर उतरलीच तर थांबून गोड घ्यावे आणि ती पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास गाडी चालवू नये. आपल्याकडे ही सवय नाही. परदेशी न जाता सेनगावच्या बाजाराला जाणाऱ्यानेही ती लावून घ्यावी.

औषधे मूळ पाकिटातच न्यावीत. गोळ्या कापून डबीत भरण्याची आपली पद्धत सीमेवर संशय निर्माण करते. डॉक्टरांकडून इंग्रजीत, कंपनीच्या नावाऐवजी औषधाच्या मूळ नावाने, मात्रा आणि आजार नमूद करून चिठ्ठी घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वा जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांचीही चालते, फक्त सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांक स्पष्ट हवा. वेदनाशामक ट्रमाडॉल, खोकल्याच्या औषधांतील कोडीन, झोपेच्या वा चिंतेच्या गोळ्या यांबाबत प्रत्येक देशाचे नियम निघण्यापूर्वी पाहावेत. २०१७ साली इजिप्तमध्ये एका ब्रिटिश महिलेला ट्रमाडॉलच्या गोळ्या आणल्याबद्दल ३ वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली होती. आपल्या ज्येष्ठांच्या उशाशी अशा गोळ्या किती सहज सापडतात हे आठवले म्हणजे या उदाहरणाचे गांभीर्य कळेल.

रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांना साधी आपटीही आतून रक्तस्राव करू शकते. त्यांनी ही बाब लिहिलेले कार्ड परवान्याच्या पाकिटात आणि हेल्मेटला चिकटवून ठेवावे; बेशुद्ध माणसाच्या वतीने तेच बोलते.

पीतज्वराची लस आफ्रिकेतील अनेक देशांसाठी लागते. तिचे प्रमाणपत्र टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होते आणि आयुष्यभर चालते. पण ६० वर्षांनंतर ही लस प्रथमच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांची शक्यता अधिक असते. म्हणून वयस्क प्रवाशाने लसीकरण केंद्रात जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी सविस्तर बोलावे, आणि गरज पडल्यास मार्गच बदलावा. नेपाळमार्गे तिबेटकडे जाणारी वाट ५,००० मीटरहून उंच घाटांतून जाते. ३,००० मीटरच्या पुढे रोजची झोपण्याची उंची ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम करावा. हृदय वा फुप्फुसांचा आजार असलेल्याने या वाटेला लागण्यापूर्वी तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

कागद आणि घर

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हिंगोलीच्या परिवहन कार्यालयाच्या कक्षेतच मिळतो. तो फार तर एक वर्षाचा असतो, आणि मूळ परवान्याची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढ्यापुरताच. पंचावन्नीनंतर मूळ परवाना पाच-पाच वर्षांसाठीच नूतनीकृत होतो. तेव्हा ज्येष्ठ चालकाने प्रथम आपल्या परवान्यावरील तारीख पाहावी. ती प्रवासाच्या मध्यावर येत असेल तर नूतनीकरण आधीच उरकावे. चीनमध्ये हा आंतरराष्ट्रीय परवाना चालत नाही, तेथे तात्पुरता परवाना आणि अधिकृत वाटाड्या लागतो.

गाडीचाही एक पासपोर्ट असतो, त्याला कार्नेट म्हणतात. इराण, इजिप्त यांसारख्या देशांत तो लागतो, आणि मुंबईतील वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनमार्फत मिळतो. त्यासाठी गाडीच्या किमतीशी निगडित हमी द्यावी लागते. गाडी त्या देशातून परत बाहेर गेली नाही, तर सीमाशुल्काची मागणी या हमीवर येते. येथे घरच्या ज्येष्ठांनी सावध व्हावे. मुलाच्या कार्नेटसाठी वडिलांची निवृत्तीची ठेव तारण ठेवली जाणार असेल, तर तो पैसा कार्नेट सुटेपर्यंत अडकतो. त्याच वर्षी आईचा गुडघा बदलावयाचा असेल, वा मोतीबिंदू काढावयाचा असेल, तर पैसा कोठून येणार हे आधी ठरले पाहिजे. मुलगा मागतो आहे आणि आपण नाही म्हणू शकत नाही, एवढ्यावर सही करू नये.

विम्याच्या कागदात दोन कलमे शोधावीत: आधीपासून असलेले आजार, आणि दुचाकी चालविताना झालेली इजा. दोन्ही वगळलेली असतील तर तो विमा या प्रवासाच्या कामाचा नाही, हप्ता कितीही स्वस्त असो. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण लागते. आपला येथील वाहनविमा तिकडे लागू होत नाही. तो बहुधा सीमेवर नव्याने घ्यावा लागतो.

आता घर. मुलगा वर्षभर दूर असताना आईवडिलांना दवाखान्यात नेणारा कोण, याचे उत्तर ‘शेजारी आहेत ना’ असे असू नये. एका माणसाचे नाव ठरवावे, त्याला विचारावे आणि तो नसेल तेव्हाचे दुसरे नावही ठरवावे. महिन्याची औषधे आणण्याचा दिवस, डोळ्यांच्या तपासणीची तारीख, निवृत्तिवेतनधारकांचा नोव्हेंबरमधील हयातीचा दाखला हे सारे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत निघण्यापूर्वीच लिहून ठेवावे. घराची एक किल्ली त्या ठरलेल्या माणसाकडे द्यावी. १०८ ही रुग्णवाहिका आणि १४५६७ ही ज्येष्ठांची मदतवाहिनी, हे क्रमांक दूरध्वनीजवळ मोठ्या अक्षरांत असावेत.

फोनची वेळ ठरवून घ्यावी, पण रोजची नको. डोंगरात, वाळवंटात संपर्क तुटतो, आणि रोजच्या फोनची सवय लागलेली आई एका चुकलेल्या फोनने रात्रभर जागते. त्याने तिचा रक्तदाब वाढतो, मुलाचा मार्ग सुधारत नाही. दोन दिवसांआड एक संदेश, आणि तीन दिवस काहीच न आल्यास प्रथम कोणाला फोन करावयाचा, मग कोणाला, हे कागदावर असावे. त्या यादीत पुढच्या देशांतील भारतीय दूतावासांचे क्रमांकही असावेत.

शेवटी घरी ठेवावयाचे पाकीट. त्यात पासपोर्टची, व्हिसांची, गाडीच्या नोंदणीची, चेसिस व इंजिन क्रमांकांची, विम्याची आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, गाडीची चारी बाजूंनी घेतलेली छायाचित्रे, आणि जादा किल्ली. हे पाकीट कोठे आहे ते घरात दोघांना तरी माहीत असावे, आणि त्यांतील एकाला कागदाचे छायाचित्र काढून मोबाईलवरून पाठविता आले पाहिजे. ते शिकविण्यास एक संध्याकाळ पुरते. औषधांची यादी दोन्ही बाजूंची हवी: प्रवाशाची घरी आणि घरच्यांची प्रवाशापाशी. डॉक्टरांनी मध्येच आईची गोळी बदलली, तर नव्या चिठ्ठीचे छायाचित्र त्याच दिवशी त्याच्याकडे जावे आणि पाकिटातील जुनी यादी फाडून टाकावी.